आघाताची बडदास्त

त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रमाहात्म्यात आघाताच्या तीन कथा एकमेकींना लागून आलेल्या आहेत, आणि लहानपणापासून त्या ऐकत आलो असूनही तिघींचा विषय एकच आहे हे ध्यानात यायला मला साठी उलटावी लागली. पहिली कथा गौतम ऋषींच्या शेतातल्या गायीची. अवर्षणाच्या काळात ज्या ऋषिमंडळींना गौतमाने आपल्या धान्यावर जगविले, त्यांच्याच मत्सरातून उत्पन्न झालेली ती कृश, मायावी गाय उभ्या पिकात शिरली, तिला हुसकावण्यासाठी गौतमाने हातातली दर्भाची काडी उगारली, आणि त्या तृणाच्या स्पर्शासरशी ती गतप्राण होऊन कोसळली. दुसरी कथा जटांची. गोहत्येच्या पातकाचे क्षालन व्हावे म्हणून गौतमाने ब्रह्मगिरीवर तप मांडले, शंकर प्रसन्न झाले, आणि आपल्या जटा कातळावर आपटून त्यांनी गंगेला मोकळे केले. त्या आपटण्याची खूण म्हणून डोंगरमाथ्यावरच्या जटामंदिरात कातळात उमटलेले वळ भाविकांना आजही दाखवितात. तिसरी कथा कुशावर्ताची. प्रकट झालेली गंगा एका ठिकाणी दिसे आणि दुसऱ्या ठिकाणी लुप्त होई, तेव्हा गौतमाने कुशाचे, म्हणजे पुन्हा गवताचेच, कडे घालून तिला थांबविले.

काडीने गाय मरते, केसांच्या फटक्याने पर्वत फुटतो, आणि ज्याला वाराही वाकवितो अशा गवताच्या कड्यात नदी अडते. पुराणकाराला पदार्थांचे धर्म शिकवावयाचे नव्हते हे खरे. तरीपण ज्याच्या अंगी काठिण्य अधिक त्याच्या अंगी सहनशक्ती अधिक, हा जो हिशेब आपण सारे जन्मभर मांडीत असतो, तो या तिन्ही कथांनी मुळातूनच उलटविला आहे, आणि आघात सोसणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न श्रोत्यापुढे ठेवून त्या मोकळ्या झाल्या आहेत.

गेल्या श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना माझा पुतण्या बरोबर होता. पोलाद आणि काँक्रीट यांच्या संमिश्र भिंतींवर आघात घडवून त्यांची परीक्षा करण्याचे काम तो एका प्रयोगशाळेत करतो. पावसाची झड होती, वाट चिखलाची होती, आणि डोंगराच्या कड्यावरून सुटलेले लहानमोठे दगड जागोजाग वाटेत पडलेले होते. पावसाळ्यातला सह्याद्री दगड सोडतो हे आपल्याकडे कोणाला सांगावयास नको. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी कोसळलेल्या दरडीवर आदळून जे घडले, किंवा १९ जुलै २०१५ रोजी द्रुतगती महामार्गावर आडोशी बोगद्यापाशी वाहनांवर जी दरड आली, त्यांच्या आठवणीने घाटातला प्रवासी आजही काच खाली करून वर पाहतो. एका टनाची शिळा पन्नास मीटरवरून सुटली तर खाली पोहोचताना तिचा वेग ताशी एकशे दहा किलोमीटरच्या वर जातो, असे पुतण्याने सांगितले, आणि मग माझ्या मनात घर करून राहिलेले वाक्य तो बोलून गेला. मी विचारले होते, "नुसती काँक्रीटची जाड भिंत उभी केली तर पुरत नाही का रे?" तो म्हणाला, "काका, घाव पुढे बसतो आणि फुटतं मागे."

या वाक्याचा तपशील त्याने वाटेत समजावून दिला तो असा. काँक्रीट दाबाला भक्कम असते, परंतु ताणाला त्याची शक्ती दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी. भिंतीच्या दर्शनी अंगावर वेगवान वस्तू आदळली की दाबाची एक लहर आत शिरते. काँक्रीटमध्ये तिचा वेग सेकंदाला सुमारे चार हजार मीटर, म्हणून दीड हात जाडीची भिंत ती सेकंदाच्या काही सहस्रांशांच्याही आत ओलांडते. मागच्या अंगाला पुढे जावयास काही उरत नाही, तेव्हा ती परतते, आणि परतताना दाबाची लहर ताणाची होते. जो दाब काँक्रीटने पुढच्या अंगावर निमूट सोसला, तोच ताण होऊन परतल्यावर मागच्या अंगाला सोसवत नाही, आणि तिथून खपल्या आणि ढेकळे वेगाने उडतात. ज्याच्या रक्षणासाठी भिंत बांधली तो तिच्या मागेच उभा असतो. पुढून आलेला गोळा भिंतीत अडकून पडला तरी मागच्या माणसाला इजा व्हावयाची ती होते, आणि ती होते भिंतीच्याच तुकड्यांनी.

हे ऐकून मी वाटेतल्या एका दगडावर बसलो. मला माझे वडील आठवले. ते एका कचेरीत कारकून होते. हिशेबातल्या एका तफावतीचा ठपका, जिच्याशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता, त्यांच्यावर आला, चौकशी अकरा महिने रेंगाळली, आणि त्या अकरा महिन्यांत त्यांनी कोणाजवळ फिर्याद केली नाही, कचेरीत वरिष्ठांपुढे आवाज चढविला नाही, की डोळ्यांतून टिपूस काढले नाही. सारे गाव म्हणे, माणूस पत्थराचा आहे. ती स्तुती होती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती यथार्थ वाटावी असेच त्यांचे वागणे होते. आम्ही मात्र भिंतीच्या मागे राहत होतो. भरल्या ताटावरून उठून जाणे, आईच्या साध्या प्रश्नाला आठ आठ दिवस उत्तर न देणे, धाकट्या भावाने पाटी फोडली म्हणून त्याला वळ उठेपर्यंत मारणे, हे सर्व त्या अकरा महिन्यांत झाले. चौकशीअंती ते निर्दोष सुटले, परंतु भावाच्या मनातले ते वळ मिटलेले मी पाहिले नाहीत. वडिलांवर अन्याय झाला यात शंका नाही, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु कठोर राहणे आणि सोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी त्या घरात शिकलो असतो, तर कदाचित पुढे माझ्या मुलांच्या वाट्याला आलेली काही ढेकळे वाचली असती.

पुतण्या ज्या भिंतींची परीक्षा करतो त्यांची रचना अशी असते की, पुढे आणि मागे पोलादाचे पत्रे, मध्ये काँक्रीटचा गाभा, आणि पत्र्यांच्या आतल्या अंगाला डाग देऊन बसविलेले लोखंडी खुंट, ज्यांना ते लोक स्टड म्हणतात, गाभ्यात रुतलेले. वेल्समध्ये कॉन्वी नदीखालच्या बोगद्याचा विचार चालला होता त्या १९८० च्या दशकात या रचनेचा अभ्यास सुरू झाला, आणि आज काही अणुवीजकेंद्रांच्या बाहेरच्या संरक्षक भिंती अशाच बांधतात. मागचा पत्रा काय करतो? तो गाभ्याला फुटू देत नाही असे नाही; गाभा फुटतोच. फुटलेल्या गाभ्याचा एकही तुकडा तो मागे जाऊ देत नाही. दाबाखाली काँक्रीट हजारात साडेतीन भाग आकसले की चुरडते, आणि साधे बांधकामाचे पोलाद तुटण्यापूर्वी शंभरात वीस भागांहून अधिक लांबते. एवढ्या लांबण्यात तो पत्रा फुगतो, पोट काढतो, खळगा घेतो, आणि आलेली सारी शक्ती त्या वाकण्यात खर्ची घालतो. वस्तू थांबवावयाची ती दहा सेंटिमीटरांत थांबविली तर जितका जोर सोसावा लागतो, त्याच्या दशमांशात काम भागते, जर ती मीटरभर अंतरात थांबविता आली. नमते घेण्याला इतका मोठा भौतिक आधार आहे हे मला ठाऊक नव्हते.

आपल्या वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाची चिकित्सा फार पूर्वी आरंभिली होती. कणादांच्या सूत्रांत कर्माचा, म्हणजे गतीचा, विचार हातापासून आणि त्या हातातल्या, उखळात पडणाऱ्या मुसळापासून सुरू होतो, आणि ज्या संयोगाने गती उत्पन्न होते त्याचे नोदन आणि अभिघात असे दोन प्रकार त्या परंपरेने केले: ढकलणारा आणि ढकलला जाणारा बरोबर राहतात ते नोदन, आदळून विलग होतात तो अभिघात. त्याहून मला विलक्षण वाटते ती संस्कार नावाच्या गुणाची त्यांनी केलेली त्रिविध विभागणी. तर्कसंग्रह शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती पाठ असते: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेल्या बाणाला जो पुढे नेतो तो वेग. अनुभवातून उपजून स्मृतीला कारण होते ती भावना, जी केवळ आत्म्याच्या ठायी असते. आणि वाकविलेल्या वस्तूला पूर्वस्थितीवर आणतो तो स्थितिस्थापक, ज्याचे उदाहरण म्हणून तर्कसंग्रहकार अन्नंभट्टाने चटईसारखी वस्तू दिली आहे. बाणाची धाव, मनाची आठवण आणि चटईचे उलगडणे ही एकाच गुणाची तीन रूपे आहेत असे म्हणण्याचे धैर्य ज्यांनी केले, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. तरीही एक शंका मला सोडवत नाही. वाकून तसाच राहिलेला पत्रा या तिघांपैकी कोठे बसवावयाचा? तो पूर्वस्थितीवर येत नाही, म्हणून तो स्थितिस्थापक नव्हे. त्याच्या अंगी जे उरले आहे ते झालेल्या आघाताचे हुबेहूब माप आहे, जणू त्या जडाला स्मृती आहे, आणि भावना तर आत्म्यावाचून अन्यत्र नाही असे शास्त्र सांगते.

या शंकेतच मला क्षमेचे स्वरूप सापडते असे मी नम्रपणे म्हणतो. आघात आल्यावर वस्तू तीन तऱ्हांनी वागते. ठिसूळ वस्तू फुटते आणि आपले तुकडे भोवतालच्यांवर उडविते. स्थितिस्थापक वस्तू क्षणभर दबते आणि मिळालेली शक्ती जशीच्या तशी परत करते. धनुष्य आणि चेंडू हे या जातीचे. जगात याला बाणेदारपणा म्हणतात, आणि जशास तसे या न्यायाचा अंमल येथे चालतो. तिसरी तऱ्हा त्या पत्र्याची: तो शक्ती परत करीत नाही, दुसऱ्याकडे जाऊ देत नाही, आणि स्वतः मात्र कायमचा बदलतो. मराठी भाषेने या तिसऱ्या तऱ्हेला फार नेमके क्रियापद दिले आहे. आपण म्हणतो, त्याने तो आघात पचविला. पचविलेले अन्न परत येत नाही, आणि जेवण्यापूर्वीचा देहही परत येत नाही.

गौतमाच्या कथेचे दोन पाठ आहेत. एका पाठात कपट कळल्यावर गौतम त्या ऋषींना शाप देतो. घेतलेला आघात तेवढ्याच जोराने परत जातो. शिवपुराणाने विस्ताराने सांगितलेल्या पाठात तो शंकरांना म्हणतो की या मंडळींनी माझ्यावर उपकारच केला, त्यांनी हे केले नसते तर तुमचे दर्शन मला कोठून घडते. आणि त्या कृतघ्नांपुढे प्रकट होण्यास गंगा नाखूष असता तोच तिची मनधरणी करतो. दोन्ही पाठ परंपरेने जपले, कारण दोन्ही मनुष्यस्वभावाला धरून आहेत. मला दुसऱ्यातले एक वर्म महत्त्वाचे वाटते. हे ऋषी गौतमाचे पाहुणे होते. पाहुण्यांच्या सरबराईला आपण बडदास्त म्हणतो, आणि हा शब्द आपल्याकडे आला तो फारसी बर्दाश्त या शब्दापासून, ज्याचा अर्थ तिकडे सोसणे, उचलून धरणे असा आहे. सोसण्याचा शब्द मराठी दफ्तरांतून आणि वाड्यांतून फिरता फिरता पाहुण्याची काळजी घेण्याचा शब्द झाला, हे कोणी ठरवून केलेले नाही. पण पाहुण्याला जागा द्यावयाची तर घरच्याला थोडे सरकावे लागते, एवढा अनुभव त्या शब्दामागे निश्चित आहे.

खुंटांविषयी अजून सांगावयाचे राहिले. मी पुतण्याला म्हटले, "पोलाद इतके गुणी असेल तर काँक्रीट कशाला?" त्यावर त्याने सांगितले की नुसता पत्रा कागदासारखा चुरगळेल, त्याला जागेवर धरण्यासाठी गाभ्याचे वजन आणि जाडी हवीच, परंतु खुंट नसतील तर दोघे असून नसल्यासारखे. सारख्या जाडीच्या तीन पाट्या नुसत्या एकीवर एक ठेवल्या आणि त्याच तीन घट्ट जोडून एकजीव केल्या, तर दुसरीचा ताठपणा पहिलीच्या नऊपट भरतो. पाट्यांत पदार्थ तेवढाच, वाढली ती केवळ जोड. नैयायिक ज्याला संयोग म्हणतात तो पहिला प्रकार: दोन वस्तू जवळ आल्या, स्पर्शल्या, आणि प्रसंग येताच सुटल्या. समवायाचे नाते त्यांनी अवयव आणि अवयवी, द्रव्य आणि गुण अशा जोड्यांपुरते राखून ठेवले. भिंतीतला खुंट समवाय निर्माण करू शकत नाही, परंतु संयोगाला समवायाच्या जितके जवळ नेता येईल तितके तो नेतो. ब्रह्मगिरीच्या कड्याकडे पाहिले म्हणजे याची दुसरी बाजू दिसते. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर एकावर एक बसलेले आहेत, कठीण काळ्या फत्तराखाली मऊ, छिद्रांचा किंवा तांबडा थर, आणि त्यांच्यात खुंट नाहीत. खालचा थर पावसाने खचत जातो आणि वरचा, स्वतः अभंग असूनही, आधार सुटल्यामुळे कोसळतो. आणि कुशाचे कडे? सुट्या काडीला गवत म्हणतात. गाठ मारून फिरविली तेव्हा तिचे आवर्त झाले.

या क्षेत्रीच निवृत्तिनाथांची समाधी आहे, आणि पौष वद्य एकादशीला दिंड्या तिथे लोटतात. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेल्या त्या चार भावंडांवर जे आघात झाले ते नव्याने सांगण्याचे कारण नाही. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, यापलीकडे काय सांगावयाचे? परंपरा सांगते की ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आल्याने निवृत्तीची चुकामूक झाली आणि तो गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. भयाने पळालेले पोर गुरूचा अनुग्रह घेऊन बाहेर आले. पुढे लोकांच्या उपमर्दाने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या बहिणीने ती उघडविण्यासाठी जी विनवणी केली ती ताटीचे अभंग म्हणून सर्वांना ज्ञात आहे. ताटी म्हणजे कुडाचे विणलेले दार. ज्ञानदेवांसारख्यालाही एका क्षणी आपल्या आणि जगाच्या मध्ये आडोसा घ्यावासा वाटला, आणि त्यांना त्या आडोशाबाहेर आणणारी होती ती तेच आघात सोसलेली मुक्ताई. एकट्याने सोसणे त्या घराला माहीत नव्हते. माझ्या मते त्या चौघांमधला खुंट हाच.

येथे एक आक्षेप मी स्वतःच घेतला पाहिजे, कारण तो न घेता हे लेखन अप्रामाणिक होईल. सोसण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आपल्या समाजात काही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या भिंत म्हणून उभे केले, आणि मागे सुखाने राहून त्यांच्या तितिक्षेची वाखाणणी केली. भिंतीला निवड नसते. ती कोठे उभी राहील हे बांधणारा ठरवितो. तितिक्षेची गणना शमदमांबरोबर साधकाच्या संपत्तीत केलेली आहे, आणि संपत्ती ती, जी ज्याची त्याने मिळवावी. दुसऱ्यावर लादली तर तो कर होतो. येथून अवघ्या अठ्ठावीस किलोमीटरांवर, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेने जो सत्याग्रह सुरू झाला, त्यात त्या वर्षीच्या रामनवमीला सत्याग्रहींवर दगड आले. वर्षानुवर्षे त्यांनी ते झेलले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे घोषित केले. मंदिराच्या दारांनी एवढे आघात होऊनही खळगा घेतला नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्या घोषणेत ज्यांना सोसण्याची समाप्ती दिसते त्यांच्याशी मी सहमत नाही. मला तीत सोसण्याचा संपूर्ण हिशेब दिसतो. पत्र्याच्या लांबण्यालाही मर्यादा असते, पुतण्याच्या दफ्तरात ती आकड्याने लिहिलेली असते, आणि ती ओलांडण्याची अपेक्षा पत्र्याकडून कोणीही शहाणा मनुष्य करीत नाही.

प्रदक्षिणा संपवून संध्याकाळी आम्ही दर्शनाला गेलो. नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या त्या काळ्या पाषाणाच्या इमारतीत गर्दी दाटली होती. अन्यत्र शिवलिंग वर उठलेले असते. येथे पिंडीच्या मध्यभागी खळगा आहे, त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे ब्रह्मा, विष्णू आणि महेश म्हणून पुजली जातात, आणि पाणी सतत झिरपत असते. पिंडीची झीज होते म्हणून जानेवारी २०२३ मध्ये मंदिर आठवडाभर दर्शनाला बंद ठेवून वज्रलेपाचे काम केले गेले. वज्रलेपाची कृती वराहमिहिराने बृहत्संहितेत दिली आहे, आणि तिच्या साहित्यात कवठ, टेंभुर्णी, सावरीची फुले, गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल अशा वस्तू आहेत. वज्राचे नाव धारण करणारा तो लेप सारा झाडापाल्याचा, डिंकाचा आणि फळांचा. पुतण्या म्हणाला, झीज वेगळी आणि आघात वेगळा, लेप झिजेसाठी असतो. मी मान हलविली, पण माझे लक्ष त्या खळग्याकडे होते.

बाहेर कुशावर्ताच्या पायरीवर बसल्यावर मी त्याला विचारले, "परीक्षा झाली की त्या भिंतीचं तुम्ही काय करता रे? टाकून देता?"

"नाही काका," तो म्हणाला. "आडवी ठेवतो आणि पत्र्यावरच्या खळग्याची खोली मोजतो. मध्ये किती, कडेला किती, एकेक बोटावर. आलेल्या शक्तीपैकी किती त्या भिंतीनं स्वतःकडे ठेवली, ते त्यावरून काढता येतं."

समोर एक म्हातारी कुंडातले पाणी ओंजळीत घेऊन पुन्हा कुंडातच सोडीत होती, आणि वर ब्रह्मगिरीवर ढग उतरत होते.